पिवळी रोपं, सहा बोटं

आश्विनात आमच्या घरी घट बसले की मी देवघराकडे पाठ करून जेवायला बसतो. बायकोला वाटतं, शहापूरला बदली झाल्यापासून मास्तर सुधारक झाले, देवाधर्मातून यांचं मन उडालं. तसं काही नाही. देवीशी माझं भांडण नाही. घटाभोवतीच्या काळ्या मातीत जे धान्य पेरतात, त्याला आमच्याकडे रुजवण म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातून पिवळे कोंब वर येतात आणि त्यांच्याकडे मला बघवत नाही. दसऱ्याला त्यातलाच एक तुरा बायको माझ्या टोपीत खोवायला येते. मी टोपी काढून खुंटीला अडकवतो आणि डोकं दुखतंय म्हणतो. दरवर्षी बरोबर दसऱ्यालाच कसं हो दुखतं, असं ती विचारते. बरोबरच विचारते.

हे दिवस तसे मोठे छान असतात. पाऊस गेलेला असतो, पण ओढे अजून वाहत असतात. सकाळी दवाने पायवाटेवरचं गवत ओलं आणि दुपारी डोकं तापवणारं ऊन. हळवं भात पिवळं होऊन वाकलेलं, गरवं अजून हिरवं. दोन्हींच्या मधून चाललं की एक कोंदट गोड वास येतो, दुधाळ दाण्यांचा. पाखरं हाकायला पोरं शेतावर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागते. बाकीचे मास्तर चिडतात. मीही चिडतो. तरी खरं सांगायचं तर मला हजेरीपेक्षा पटावरच्या एका नावाची आठवण जास्त छळते, आणि ते नाव आता कुठल्याच पटावर नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. मराठी सातवीची फायनल पास झालो होतो, मिसरूड नुकतं फुटलं होतं, आणि मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावात माझी पहिली नेमणूक झाली होती. शाळा म्हणजे एका गोठ्याला लागून असलेली पडवी. चार इयत्ता, एक मास्तर, एक फळा. भिंतीपलीकडे म्हशी रवंथ करायच्या आणि अलीकडे पोरं पाढे म्हणायची. मी ट्रेनिंग न झालेला, कच्चा मास्तर. डिपोटीसाहेब तपासणीला येणार, शाळेच्या शेरेबुकात बरं लिहिणार, मग मला ट्रेनिंगला पाठवणार आणि मग मी पक्का होणार. शेरा वाईट पडला तर वळकटी बांधून घरी. हे मला रोज झोपताना आठवायचं आणि उठल्यावरही.

तिसरीत भागी होती. गावाच्या वर टेकाडावर दहा-बारा घरांची वाडी, तिथली. वाडीवरून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल. ओढा ओलांडून यायची म्हणून परकर गुडघ्यापर्यंत ओला असायचा, आणि तो वाळेपर्यंत ती दाराशी उन्हात बसायची. वाडीची बोली वेगळी, त्यामुळे पहिले सहा महिने ती बोललीच नाही, नुसती बघत राहिली. मग बोलायला लागली ती प्रश्नच विचारायला. "गुरुजी, पान्याला रंग नाय तं ढगाला काळा कुठून?" "गुरुजी, लोहचुंबक आंधारात पन वढतो का?" दुसऱ्या पोरांना उत्तरं पाहिजे असायची, हिला मात्र बघायला पाहिजे असायचं. मी सांगितलेलं ती घरी जाऊन करून बघायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगायची की गुरुजी, झालं. एखाद दिवशी म्हणायची, "नाय झालं." त्या दिवशी मला तिचा राग यायचा.

तिचा बाप कान्हू शाळेत एकदाच आला, तिचं नाव घालायला. पडवीत पाय न ठेवता बाहेर उभा राहून बोलला. "पोरीला धाडतो गुरुजी. पन वाडी हसते मला. पोरीच्या नावानं एक बोल लागला, तं त्याच दिवशी शाळा बंद. मंग मला बोलावू नका." मी म्हणालो, काळजी करू नका, तिला कोण बोल लावणार? ती माझी जबाबदारी. एकोणिसाव्या वर्षी माणूस जबाबदारी हा शब्द फार सहज वापरतो.

तेव्हा सृष्टिज्ञान म्हणून विषय होता. पाणी, हवा, बी, पान, असे लहान लहान पाठ. आम्हा मास्तरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक होतं, त्यात प्रयोग दिलेले. मला ते पुस्तक वेदासारखं. त्यात असं होतं की दोन भांड्यांत सारखं बी पेरावं, एक उजेडात ठेवावं, एक अंधारात. उजेडातलं रोप हिरवं आणि जोमदार होतं, अंधारातलं पिवळं पडून खुरटतं. तपासणी नवरात्रातल्या अष्टमीला ठरली तेव्हा मी हाच प्रयोग काढला. साहेबांना काहीतरी डोळ्यांना दिसेल असं हवं होतं. भांडी नव्हती, म्हणून नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या. भागीने रोपांसाठी भाजलेल्या राबाच्या वावरातली काळी, भुसभुशीत माती ओच्यात आणली. वाडीवरच्या कणगीतलं भात रात्रभर भिजवून आणलं. आणि योगायोगाने म्हणा किंवा पोरांनी मुद्दाम म्हणा, पेरलं ते घटस्थापनेच्याच दिवशी.

एक करवंटी दाराबाहेर कट्ट्यावर ठेवली, दुसरी कोपऱ्यात, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, वर घोंगडीचा तुकडा टाकून. दुसऱ्या दिवशी बघतो तर डालग्यावर झेंडूचं फूल.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," भागी म्हणाली.

"अगं, हा घट नाही. हा प्रयोग आहे."

"पन आंधारात हाय ना?"

"असू दे अंधारात."

"मातीत भात हाय, झाकून ठेवलाय, घटाच्याच दिशी पेरलाय." तिने बोटं मोजली. "मंग घट नाय तं काय, गुरुजी?"

पोरं हसली. मीही हसलो आणि फूल काढून फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी तिथे नवीन फूल होतं. मग मी नाद सोडला.

रोज ती दोन्ही करवंट्यांपाशी बसायची. बोटं आडवी लावून रोपांची उंची मोजायची आणि दाराच्या चौकटीमागे, दार उघडलं की झाकलं जाईल अशा जागी, कोळशाने रेघा ओढायची. एक उजेडातल्याची, एक अंधारातल्याची. मी ते पाहत होतो. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "गुरुजी, आंधारातला लांब हाय." मी म्हणालो, नीट मोज. तिने नीट मोजलं. सातव्या दिवशी तर मोजायचीही गरज नव्हती. कट्ट्यावरचं रोप चार बोटं, बुटकं, गडद हिरवं. डालग्याखालचं सहा बोटं, पिवळंधमक, बारीक, एका बाजूला झुकलेलं.

पुस्तक म्हणत होतं खुरटतं. करवंटी म्हणत होती लांबतं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि साहेब उद्या येणार होते. माझ्या मनात एकदाही आलं नाही की पुस्तकात कमी-जास्त लिहिलेलं असू शकतं. मला एवढंच दिसलं की साहेब पुस्तक वाचून येणार, आणि माझा प्रयोग फसलेला दिसणार. मग शेरा, मग वळकटी.

अष्टमीच्या सकाळी मी लवकर शाळेत गेलो. डालगं उचललं. अंगठ्याचं नख आणि बोट यांच्यात धरून त्या पिवळ्या रोपांचे शेंडे एकेक करून खुडले. दहा-बारा असतील. तीन बोटांवर आणले. शेंडे दाराबाहेर टाकले, पायरीच्या खाली. झालं, पाव मिनिटाचं काम. आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्या पाव मिनिटात मला अपराधी वाटलंच नाही. उलट वाटलं, आपण हुशार.

सडासारवणाची पाळी भागीची होती. ती आली, शेण कालवलं, पायरी सारवायला वाकली. मी आत हजेरीपट नीट करत होतो. घटाचं रुजवण पायदळी येऊ द्यायचं नाही, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. तिने पायरीखाली पडलेले ते शेंडे उचलले असणार, कपाळाला लावले असणार, आणि दसऱ्याला बायका खोवतात तसे अंबाड्यात खोवले असणार. असणार म्हणतो, कारण मी पाहिलं नाही. मी पाहत असतो तर बरं झालं असतं.

साहेब मुरबाडहून छकड्याने आले. काळा कोट, पांढरं धोतर, चष्मा. माणूस चांगला होता, ते आधीच सांगतो. त्यांना मी या गोष्टीत दोष देत नाही. पाढे ऐकले, शुद्धलेखन पाहिलं, मग म्हणाले, "सृष्टिज्ञानाचं काय?" मी दोन्ही करवंट्या मेजावर आणून ठेवल्या. ते खूश झाले. खेड्यातल्या शाळेत कुणी हाताने काही करून दाखवतंय हेच त्यांना पुष्कळ होतं.

"यातलं चांगलं रोप कोणतं?" त्यांनी वर्गाला विचारलं. सगळ्यांनी हिरव्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना तसं शिकवून ठेवलं होतं. भागीने बोट पिवळ्याकडे केलं.

"का गं?"

"त्यो देवाचा हाय. घटातला असाच असतो. आनि त्यो लांब हाय."

साहेब हसले. "कुठे लांब? बघ बरं."

भागी पुढे आली. करवंटीकडे बघून थबकली. "काल व्हता. सहा बोटं," ती म्हणाली. मग वाकून जवळून पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, याला शेंडं नायत."

साहेबांनी चष्मा वर केला आणि करवंटी हातात घेतली. शेंडे खुडलेले होते, कुणालाही दिसलं असतं. "कुणी तोडले हे?" म्हणत त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर भागीच्या अंबाड्यावर गेली. सगळ्या वर्गाची गेली. माझीही गेली. तिच्या काळ्या केसांत पिवळे शेंडे खोवलेले होते.

"मी नाय तोडलं," ती म्हणाली. "त्ये पायरीखाली पडलं व्हतं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही, पोरांकडे नाही. माझ्याकडे. मी बोललो असतो तर दोन शब्दांचं काम होतं. ते दोन शब्द माझ्या तोंडात आले होते, हेही मला आठवतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"भागी, हात पुढे कर."

तिने हात पुढे केला. मी छडी मारली. एकच. जोरात नव्हती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. छडी जोरात होती की हळू, याला काही अर्थ आहे का? वर्गासमोर ती चोर ठरली होती. साहेब म्हणाले, "असू द्या मास्तर, पोर देवभोळी आहे." आणि शेरेबुकात लिहिलं की सृष्टिज्ञान प्रत्यक्ष प्रयोगातून शिकवलं जातं, शिक्षक होतकरू आहे, ट्रेनिंगसाठी शिफारस करावी. मी तो शेरा त्या दिवशी चार वेळा वाचला.

वाडीपर्यंत बातमी दुपारच्या आतच पोचली. शाळेचं पीक तोडलं, साहेबासमोर मार खाल्ला, असं. दसऱ्याची सुट्टी संपली आणि भागी आली नाही. मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहिलो, मग महिन्याने नाव काढलं. वाडी शाळेतून दिसायची. ओढा ओलांडला की चढ, तासाभराची वाट. मी गेलो नाही. आधी म्हणालो कापणी चालू आहे, घरी कुणी भेटणार नाही. मग म्हणालो झोडणी चालू आहे. मग म्हणालो आता काय उपयोग. आळशी माणसाला कारणं कमी पडत नाहीत आणि भित्र्याला तर मुळीच नाहीत.

एक गोष्ट मात्र मी तत्परतेने केली. दाराच्या चौकटीमागच्या त्या कोळशाच्या रेघा होत्या ना, रोजच्या दोन, कोंब वर आल्यापासूनच्या चार दिवसांच्या आठ. सुट्टीत मी त्या शेणमातीने सारवून टाकल्या. कुणी मागत नव्हतं, कुणी पाहत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पुढे मी ट्रेनिंगला गेलो. तिथल्या पहिल्याच महिन्यात वनस्पतीच्या तासाला हाच प्रयोग निघाला. शिकवणारे मास्तर म्हातारे होते, आवाज बसका. ते म्हणाले, पुष्कळांना वाटतं अंधारात रोप खुरटतं. ते चूक आहे. अंधारात ते आधी लांबतं. उजेड शोधत धावतं. त्याचा पिवळा रंग आणि त्याची लांबी एकाच कारणाची. ते फळ्यावर दोन रोपं काढत होते. बाकीचे लिहून घेत होते. मी लिहिलं नाही. माझ्या मनात आलं, हे मला ठाऊक आहे, हे मला भागीने सांगितलंय. सहा बोटं. आणि हे ऐकायला मी ज्या बाकावर बसलोय, तो बाक तिच्या हातावरच्या छडीने मिळालाय. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की दुपारी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो. लाजेची हीच एक गंमत आहे, ती पोट मारत नाही. ती नुसती दरवर्षी परत येते.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मी पुष्कळ पोरांना पुष्कळ काही शिकवलं. पाण्याला उतार लागतो, हवेला वजन असतं, लोखंड गंजतं, दिवा झाकला की विझतो. सृष्टिज्ञानाचा पहिला पाठ कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो की आधी पाहा, मग मोजा, मग बोला. वर्गात हे वाक्य मी इतक्या ऐटीत म्हणतो की पोरांना वाटतं गुरुजींनीच शोधलंय. ते मला एका ओल्या परकराच्या मुलीने शिकवलं, आणि ती पाहून, मोजून, बोलली तेव्हा मी तिला मारलं, हे मात्र मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहापूरच्या बाजारात झेंडू घ्यायला गेलो. बाजार फुलांनी आणि आपट्याच्या पानांनी नुसता भरून गेला होता. रस्त्याच्या कडेला एक बाई फुलांचा ढीग घेऊन बसली होती, शेजारी चार-पाच वर्षांची मुलगी दोऱ्यात फुलं ओवत होती. मी वाकून फुलं बघायला लागलो, तर बाई म्हणाली, "गुरुजी ना तुमी?"

मी ओळखलं नाही. मग तिने नाव सांगितलं. लग्न होऊन शहापूरच्या बाजूच्या वाडीत आली होती. कान्हू दोन वर्षांमागे गेला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच धुळीत उकिडवा बसलो. फुलं उगाच चाळत राहिलो. तीच म्हणाली, "एक इचारायचं ऱ्हायलं व्हतं गुरुजी. त्यो आंधारातला लांब का व्हता?"

दहा वर्षं तिने तो प्रश्न जपून ठेवला होता. मी तिला सांगितलं. बीच्या पोटात शिदोरी असते. उजेड मिळाला की रोप स्वतःचं अन्न स्वतः करतं, मग त्याला घाई नसते. उजेड नसला की ते शिदोरी खात नुसतं लांब होत जातं, कुठेतरी उजेड लागेल म्हणून.

"आनि लागलाच नाय तं?"

"मग शिदोरी संपते. मरतं."

तिने मान हलवली. एवढंसं उत्तर, दोन मिनिटांचं, आणि ते तिला शाळेत मिळायला हवं होतं. मी म्हणालो, "भागी, त्या दिवशी ते शेंडे..."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. हातातलं फूल तिने बाजूला ठेवलं. "छडी उचलली ना तुमी, तवा दिसला तुमचा अंगठा. नखात पिवळं व्हतं."

बाजार चालू होता. कुणीतरी पानांचा भाव करत होतं. मला माझ्या अंगठ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"मग तू बोलली का नाहीस? साहेब होते समोर."

"तुमी बोलाल असं वाटलं," ती म्हणाली. "मी थांबली व्हती."

तिने फुलं पानात बांधून दिली. तिच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, तिच्या आईसारखंच, डोळे न हलवता. पोरगी शाळेच्या वयाला येतेय, घालायची हाय, मी उठताना भागी म्हणाली. मी म्हणालो, आण. माझ्या वर्गात आण. ती हसली, हो म्हणाली नाही.

दसऱ्याला बायको तुरा घेऊन आली तेव्हा मी टोपी काढली नाही. तिने तो खोवला. सुट्टी संपल्यावर मी तसाच, टोपीत सुकलेला तुरा ठेवून, वर्गात गेलो. सुट्टीआधी पोरांनी पेरलेली एक करवंटी आमच्या शाळेतही कपाटाखाली झाकलेली होती. ती मेजावर ठेवली, एका मुलीला मोजायला लावलं, आणि गोष्ट सांगितली. वाडीवरची मुलगी, कोळशाच्या रेघा, काळ्या कोटातले साहेब, केसांतले पिवळे शेंडे, छडी, सगळं. पोरं पुढे सरकून ऐकत होती. मी गोष्ट तिथेच थांबवली आणि खडू हातात घेतला.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पन गुरुजी, मंग शेंडं तोडलं कुनी?"

चाळीस पोरं माझ्याकडे बघत थांबली होती.

"मी तोडले," मी म्हणालो. दहा वर्षं उशिरा, आणि दुसऱ्याच वर्गात.